पाठीवरचा हात

आनंदीआतेकडे पाणी प्यायचं तर तांब्या तोंडापासून वीतभर वर धरावा लागतो. ओठ लागला तर ती काही बोलत नाही. तुम्ही गेल्यावर, कधी कधी तुमच्यादेखतच, तो तांब्या राखेनं घासते, उन्हात पालथा घालते आणि पुढे बरेच दिवस त्याला हात लावत नाही. पंगतीत ती जेवत नाही. कुणी तिच्या रुमालानं तोंड पुसलं तर तो रुमाल ती त्यालाच देऊन टाकते, हसून. आणि ते हसू बघितलेला माणूस पुन्हा तिच्याकडे रुमाल मागत नाही. गावात मागून तिला ‘शीबाई’ म्हणतात. तिलाही ते ठाऊक आहे.

घाणीची मात्र तिला किळस नाही. बांगड्याच्या पोटात बोट घालून आतडं ओढताना तिचा चेहरा हलत नाही. शाळेत शिकवायची तेव्हा पहिलीतलं पोर वर्गात ओकलं तर शिपायाला हाक न मारता ती स्वतः पुसायची. तिला किळस येते ती दुसऱ्याचं वापरून झालेलं आपल्या अंगाला लागण्याची. आणि तिच्या आयुष्यात नेमकं तेच लागत आलं.

ती, राधाबाई आणि माझे बाबा अशी ही तीन भावंडं. राधाबाई थोरली. तिचे परकर आतेनं घातले, तिची पुस्तकं वापरली, तिच्या टाचेकडून झिजलेल्या चपला उरलेल्या झिजवल्या. यात विशेष काही नाही, सगळ्या धाकट्या बहिणी हे करतात. मग राधाबाई बाळंतपणात गेली. मुलगा वाचला, त्याचं नाव विनीत. आते तेव्हा डी.एड. करत होती. घरातल्या मोठ्यांनी एका दुपारी तिला आणि राधाबाईच्या नवऱ्याला, भिकाजीकाकांना, समोरासमोर बसवलं. तिला विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि उत्तर यायच्या आत चहा आला.

काका वाईट नाहीत. त्यांच्याबद्दल कुणालाच वाईट बोलता येत नाही, अडचण तीच आहे. मालवणच्या बाजारात गर्दी असली की त्यांचा हात तिच्या कोपराला. देवळाच्या पायऱ्यांवर हात पाठीला. तिनं सायकल शिकायचं ठरवलं तेव्हा कॅरियर धरून ते मागे धावले, आणि तिला यायला लागल्यावरही धावत राहिले, शेजारी हसायला लागेपर्यंत. दर वेळी एकच वाक्य, “मी आसंय मा,” मी आहे ना. आते म्हणते, लग्नाला किती वर्षं झाली तरी तिला कळलं नाही, की हा हात तिच्यासाठी आहे की राधाबाईला धरायला उशीर झाला म्हणून तो तिला धरतो.

सायकल मात्र तिची होती. पहिल्या पगारातून घेतलेली, सीटवरचं प्लास्टिकही न काढता दुकानातून आणलेली. तिची शाळा वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळपठारावर होती, मधे खडी घाटी. खालून निघालं की काजूची झाडं, मग नुसता काळा कातळ, आणि वर पोचल्यावर मागे वळून बघितलं तर लांबवर समुद्राची पट्टी. त्या चढावर इतर बायका उतरून सायकल ढकलत नेत. आते कधी उतरली नाही. चढ संपेपर्यंत तिच्या पाठीशी कुणी नसायचं. निवृत्त होईपर्यंतची तिची सगळी वर्षं मला त्या एका चढासारखी दिसतात. घरी काय होतं ते खाली राहिलेलं.

निवृत्तीनंतर तिला सायकलच्या ग्रुपात ओढलं ते दीपेशनं. दीपेश तिचा विद्यार्थी, आता किनाऱ्यावर पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेण्याचा त्याचा धंदा आहे. ग्रुपात कुडाळची दातांची डॉक्टर चारुता, तिचा इंजिनीअर नवरा शौनक, बांद्याचे दोन व्यापारी भाऊ आणि बाबली. बाबली बांधकामाची कंत्राटं घेतो, पण गावात त्याचा खरा मान दुसराच: तो मानकऱ्यांच्या घरातला, आणि देवळात गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यांच्या वतीनं देवाला मोठ्यानं सांगणं, काय घडलं आणि काय हवं ते. एकजण सांगतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात. नवीन होडी पाण्यात घालायची असो की बोअरवेल मारायची, बाबलीला बोलावतात.

या लोकांनी रविवारी आंबोली घाट चढायला सुरुवात केली, आणि एका पावसाळ्यानंतर दीपेशनं पुण्याच्या एका कंपनीचं पत्रक आणलं. आठवडाभर आल्प्समधून सायकलवर. सायकली तिकडे भाड्यानं मिळणार, सामान व्हॅनमधून पुढे जाणार, आणि शेवटी इटलीतला एक घाट, ज्याची वळणं खालून वर भिंतीवर चढलेल्या सापासारखी दिसतात.

आतेनं स्वतःच्या पैशानं नाव दिलं. काका “जा” म्हणाले. निघायच्या आधी मी तिच्याकडे गेले होते. ती नवे कोरे पाण्याचे बाटले धुऊन पुसून ठेवत होती. वळणं असलेल्या घाटाचं चित्र तिनं भिंतीला लावलं होतं. मी विचारलं, या वयात एवढा हट्ट कशाला. ती म्हणाली, “थंय राधाबाई गेलेली नाय.” मग थोड्या वेळानं, “हो एक घाट माका माझो चढाचो आसा. कोणाचो हात नको.”

तिकडे गेल्यावर तिचं पहिल्याच संध्याकाळी बिनसलं. हॉटेलवाल्यानं टेबलाच्या मध्यावर एक भांडं आणून ठेवलं, खाली आग, आत वितळलेलं चीज. प्रत्येकाच्या हातात लांब काटा. पाव टोचायचा, चीजमध्ये बुडवायचा, तोंडात घालायचा आणि तोच काटा परत भांड्यात. शौनकनं तर काटा चाटून घातला. भांड्यात वरून चीज आणि तळाशी सगळ्यांची थुंकी, असं आते सांगते. ती कोरडा पाव खाऊन उठली. शौनक म्हणाला, बाईंना वेगळं केळीचं पान मांडा. सगळे हसले. दीपेशही हसला, मग तिच्याकडे बघून थांबला.

दुसऱ्या दिवशी चढावर शौनकनं तिचा बाटला ओढून तोंडाला लावला आणि अर्धा पिऊन परत तिच्या सायकलला खोचला. तिनं तो पुढच्या गावातल्या कचरापेटीत टाकला. सीटवर बसून बसून मांड्या सोलवटतात, त्याला लावायचं मलम असतं. त्याचा एकच डबा ग्रुपात फिरत होता आणि सगळ्यांची बोटं त्यात जात होती. कुठून निघून जात होती तेही सगळ्यांना माहीत होतं. हॉटेलांच्या संडासात पाणी नव्हतं, कागद होता. आतेनं त्यासाठी घरून एक प्लास्टिकचा तांब्या नेला होता. तो बघून चारुतानं मागून घेतला, फक्त आजच्यापुरता. तो तांब्या आतेनं परत घेतला नाही.

देखावा? तो तिला आवडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, हिरवं होतं, वर बर्फ होता, गाईंच्या गळ्यात घंटा होत्या. पण जिथं थांबावं तिथं शौनक आणि बांद्याचे भाऊ हात पसरून कुठल्या तरी सिनेमातल्यासारखे उभे राहायचे आणि एकमेकांचे फोटो काढायचे. प्रत्येक कुरण आधीच कुणीतरी नाचून गेलेलं. रस्त्यावर गाईंचं शेण पडलेलं असायचं, त्याचा वास तिला बरा वाटायचा. त्या सगळ्या प्रवासात ओळखीचं आणि स्वच्छ असं तेवढंच होतं, असं ती म्हणते, आणि ती विनोदानं म्हणत नाही.

ती थांबली ती त्या घाटासाठी.

घाटाच्या दिवशी सकाळी दीपेशनं सगळ्यांना सांगितलं, वर माथ्यावर सगळ्यांनी एका वेळी पोचायचं, तिथं बॅनर धरून ड्रोननं व्हिडिओ काढायचा आहे, दुपारी हवा बिघडते. बॅनर मालवणहून गुंडाळून आणला होता. त्यावर सातही जणांचे चेहरे होते आणि त्यांच्यापेक्षा मोठा एका स्थानिक पुढाऱ्याचा. बाबलीनं आणि बांद्याच्या भावांनी बॅटरीच्या सायकली घेतल्या होत्या. बटण दाबलं की चढ सपाट होतो. शौनक साध्या सायकलवर होता.

आते सगळ्यात मागे राहिली, मुद्दामच. खाली झाडी होती, ओढ्याचा आवाज होता. झाडी संपली आणि समोर ती भिंत उभी राहिली, एकावर एक वळणं. प्रत्येक वळणावर एक दगड, त्यावर आकडा, वर जाताना उतरत जाणारा. आतेनं आकड्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं. सड्याची घाटी चढताना ती जसा श्वास घ्यायची तसाच घेतला, दोन पायडलांना एक. तिला थंडी वाजत होती आणि घाम येत होता. मोटरसायकलींचे थवे कानाजवळून भुर्र करत जात होते, पेट्रोलचा धूर नाकात शिरत होता. एका वळणावर तिनं बघितलं, शौनक व्हॅनची खिडकी धरून चालला होता, पाय नुसते फिरवत. त्यानं तिला हात केला. तिनं मान वळवली. पण पुढच्या काही वळणांवर कुणीच नव्हतं, खाली दरी होती, वर आभाळाचा तुकडा, आणि पाय चालत होते. तेवढ्याबद्दल ती जेव्हा बोलते तेव्हा तिचा आवाज वेगळा होतो. फार बोलत नाही.

नऊ आकडा असलेल्या दगडाशी तिच्या पाठीवर हात पडला.

दीपेश वर पोचून तिला आणायला खाली उतरला होता. त्यानं सायकल तिच्या बाजूला घेतली आणि एका हातानं तिला ढकलायला लागला. सायकलवाल्यांमध्ये हे करतात, दमलेल्याला जोमदार माणूस असा वर नेतो, यात अपमान नसतो. “बाई, मी आसंय मा,” तो म्हणाला.

आतेनं हात काढ म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, बाई संकोचतात. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूनं मोटरसायकली. ब्रेक लावला तर पडणार, नाहीतर पाय टेकणार, आणि पाय टेकायचा नव्हता. तिनं अंग आकसून घेतलं. हात ओला होता. त्याची ऊब जाकिटातून आत आली, खांद्यांच्या मधल्या जागेत बसून राहिली. वळणामागून वळणं ती अशी वर गेली, दुसऱ्याच्या हातानं, आणि तिच्या पायांना काही वजनच लागलं नाही.

माथ्यावर बाजार होता. तिनं मनात काय काय आणलं होतं ते मला तिनं सांगितलं नाही; पण वर सॉसेज तळण्याचा धूर होता, कांद्याचा वास होता, फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांची दुकानं होती, मोटरसायकलींच्या रांगा होत्या. दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या जेटीवर असतो तसा सगळा राडा, फक्त थंड. लोक तेलकट बोटं चोखत होते. दीपेशनं पाठीवरचा हात काढला आणि टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या.

बॅनर धरून व्हिडिओ झाला. मग बाबलीनं पिशवीतून नारळ काढला. तो त्यानं गावच्या देवळातून आणला होता, विमानातून, कपड्यांत गुंडाळून. माथ्याच्या दगडाजवळ तो उभा राहिला, डोक्यावर हेल्मेटवरून रुमाल टाकला, बाकीचे मागे हात जोडून उभे राहिले. दोनचार परके मोटरसायकलवाले बघायला थांबले.

“बा देवा म्हाराजा, तुझी ही लेकरा आज परक्या मुलखात, परक्या डोंगराच्या माथ्यार उभी आसत म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“हयसर तुझी वेस नाय, पण तुझी नजर आसा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तुझ्या किरपेन सगळी आपापल्या पायान हो घाट चढान इली म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“मी नाय,” आते म्हणाली.

बाबलीचा नारळ हातातच राहिला. गाऱ्हाण्यात मधे कुणी नाही म्हणत नाही. आमच्याकडे कुणाला आठवतही नाही असं कधी घडल्याचं. पाऊस नाही पडला, होडी बुडाली, तरी पुढच्या गाऱ्हाण्यात तक्रार घालतात, पण चालू गाऱ्हाण्याला होकारच द्यायचा असतो.

बाबलीनं हळूच विचारलं, काय झालं. आतेनं सांगितलं. नवाच्या दगडापासून दीपेशनं ढकललं, म्हणून ती आपल्या पायानं आलेली नाही, आणि देवाला तसं सांगायचं नाही.

शौनक म्हणाला, “बाई, थर्ड अंपायर बोलवूया का?” बांद्याचा धाकटा भाऊ फिसकन हसला. चारुतानं समजूत घालायचा प्रयत्न केला. नुसता आधार दिला, ढकललं असं कशाला म्हणायचं, आणि तुम्ही नाहीतरी पोचलाच असतात. दीपेशचा चेहरा पडला होता. तो पुन्हा शाळेतला झाल्यासारखा दिसत होता, असं आते म्हणते, पण तिला त्याची दया आली नाही.

“काकांका मी शब्द दिलेलो, बाई,” तो म्हणाला.

“कसलो शब्द?”

“निघायच्या आदल्या दिवशी इलेले दुकानात. म्हणाले, तिका एकटी सोडू नको, चढावर पाठीक हात लाव.”

आतेनं अंगातलं जाकीट काढून झटकलं, उलटं करून झटकलं, आणि ते परत अंगात घातलं नाही, कमरेला बांधलं. वर वारा होता, तिच्या हातांवर काटा आला.

आता प्रश्न बाबलीचा झाला. त्यानं नारळ परत पिशवीत घालायलाही नकार दिला. नकार पडलेलं गाऱ्हाणं तसंच टाकून पलीकडचा उतार उतरायला तो तयार नव्हता. शौनकनं सुचवलं, सायकल व्हॅनमध्ये टाक आणि तूही बस. बाबली म्हणाला, “व्हॅन काय आकाशातसून जातली? तीय ह्याच घाटान उतारता.” खाली जेवणाचं हॉटेल ठरलेलं होतं, उशीर झाला तर स्वयंपाकघर बंद करतात म्हणून शौनक तणतणत होता. बाबलीनं दोन तोडगे काढले. एक तर आतेनं आपला नकार मागे घ्यावा, देव समजून घेईल. नाहीतर जिथं हात लागला तिथून परत चढून यावं.

आतेला त्याचाही वीट आला. इतक्या लोकांत तिचं म्हणणं एकालाही कळलेलं नव्हतं. बाबली तिच्यासाठी थांबत नव्हता. त्याला उताराची भीती वाटत होती. पण तिनं सायकल फिरवली आणि ती खाली निघाली. दीपेश बरोबर येतो म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो जागचा हलला नाही.

नवाच्या दगडाच्याही खाली ती एक वळण उतरून गेली. मग वळली.

या वेळी पाय थंड पडले होते. पहिल्या चढाला शरीर तापलेलं असतं, थांबल्यावर ते लाकूड होतं. तिसऱ्या वळणाशी तिला उलटी झाली, चालत्या सायकलवर, बाजूला तोंड करून; सकाळचा पाव आणि पित्त. अर्धी तिच्या बाहीवर आली. तिनं बाहीनंच तोंड पुसलं. तोंडात आंबट चव, नाकात तीच, आणि तिला हायसं वाटलं, कारण ती घाण तिची स्वतःची होती. एका मोटरसायकलवाल्यानं जाता जाता अंगठा वर केला. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. माथ्याचा बाजार आणि दुकानांचे झेंडे दिसायला लागले, तळणाचा वास खाली यायला लागला, आणि तेव्हाच तिच्या डाव्या पोटरीत गोळा आला. पाय वर उचलेना. सायकल हलली, कठड्याकडे गेली, आणि तिनं पाय टेकला.

तिथं ती उभी होती. खाली कुणी नाही, वरून कुणाला दिसत नव्हतं. परत खाली जाऊन सुरुवात करावी असं तिच्या मनात आलं, आणि पोटरीला हात लावल्यावर कळलं की ते होणार नाही. तिनं बोटांनी गोळा चोळला, तो सुटेपर्यंत चोळला. मग चढावरच सायकलवर बसली, दोनदा घसरली, तिसऱ्यांदा पायडल लागलं. उरलेलं अंतर ती चढली.

वर सगळे दुकानाच्या बाकांवर बसून सॉसेज खात होते. दीपेश खात नव्हता. बाबली नारळ मांडीवर घेऊन बसला होता. तो उठून पुढे आला आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, पाय टेकला का.

“कोण बघायला होतं?” शौनक म्हणाला. “नाही म्हणा बाई, आणि निघूया. भूक लागलीय.”

“टेकलो,” आते म्हणाली. “एकदा. हयच्या खालच्या वळणार.”

बाबली विचारात पडला. आते म्हणते, त्या क्षणी पहिल्यांदा तिला तो बरा वाटला, कारण तो खरंच विचार करत होता. जिंकल्याचं गाऱ्हाणं घालायची त्याला सवय होती. मग त्यानं रुमाल सारखा केला.

“बा देवा म्हाराजा,” तो म्हणाला, आणि या वेळी आवाज खाली होता. “मघाशी माझ्या तोंडातसून खोटा गेला म्हाराजा. आमच्यातले काय जण बॅटरीर चढले, एक जण व्हॅनीक धरून चढलो म्हाराजा.”

शौनकनं मान वर केली. व्हय म्हाराजा म्हणायला थोडा वेळ लागला, पण म्हणाले.

“आणि ही आनंदी, आमच्या भिकाजीची बायल...”

“भिकाजीची नको,” आते म्हणाली.

बाबलीनं तिच्याकडे बघितलं. “आणि ही आनंदी, एकदा पाय टेकून, कोणाचो हात अंगाक लावन न घेता हय पोचली म्हाराजा. इतक्याच. ता मानून घे.”

“व्हय म्हाराजा,” आतेनं म्हटलं. बाकीचे तिच्या मागून म्हणाले.

नारळ फुटला. दीपेशनं खोबरं पुढे केलं, तिनं घेतलं, खाल्लं नाही. मग तिनं त्याचा फोन मागितला आणि काकांना लावला. तिकडे दुपार कलली होती, काका बहुधा ओट्यावर बसले असतील. ती एवढंच म्हणाली, की पोचले, आणि तुम्ही दीपेशला काय सांगितलं होतं ते कळलं. काकांनी विचारलं, बरी आहेस ना.

“बरी आसंय. फकत किळस येता.”

“कसली गो?”

“तुमच्या हाताची,” आते म्हणाली.

हे वाक्य दीपेशनं ऐकलं, चारुतानं ऐकलं, आणि म्हणून ते आता सगळ्या मालवणाला माहीत आहे. लोकांना त्यात आतेचा उद्दामपणा दिसतो. एवढा चांगला नवरा, असं म्हणतात. माझी आईही म्हणते. बॅनरचा व्हिडिओ हजारो लोकांनी बघितला, परतल्यावर गावात झालेल्या सत्कारात सगळ्यांना शाली मिळाल्या, पुढारी नारळ देताना प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत होता. आते सत्काराला गेली नाही. तिची शाल दीपेशनं आणून ओट्यावर ठेवली, ती अजून घडीतच आहे.

काका ती परतल्यावर बरेच दिवस बोलले नाहीत. मग जेवण, औषधं, विनीतचा फोन, असं कामापुरतं बोलायला लागले. मी एकदा तिला विचारलं, फोनवर तसं म्हणायला नको होतं असं वाटतं का. ती कोलंब्या सोलत होती. तिनं सोललेल्या कोलंबीची काळी शीर ओढून काढली, ताटाच्या कडेला लावली.

“खरा होता ता,” ती म्हणाली. “आधी सांगूक होया होता.”

सकाळी ती अजून सायकल काढते, सड्यापर्यंत जाते आणि येते. फाटकाशी थोडा चढ आहे, पावसात तिथं शेवाळ धरतं. काका तिथं येऊन उभे राहतात. परवा मी बघितलं, तिचं मागचं चाक शेवाळावर सरकलं, त्यांचा हात पुढे झाला आणि अर्ध्यात थांबला. तो त्यांनी मागे घेतला, दुसऱ्या हातानं पाठीमागे धरून ठेवला. आते सावरली, फाटकाबाहेर गेली. काका तसेच उभे होते, स्वतःचा हात स्वतः धरून, आणि त्यांच्या तोंडावर रागच होता.